बरणीचं तोंड उघडं ठेवण्याबाबत

जरीपटका, नागपूर
२८ मे १९७९

तीर्थस्वरूप रुपरावमामांस,

भाचा नत्थू याचा सविनय जयभीम. मी खुशाल आहे, म्हणजे या उन्हात जितकं राहता येतं तितका. तुमचा खोकला कसा आहे? सुभद्रामामीचे गुडघे काय म्हणतात? म्हशीच्या डोळ्याला मी सांगितलेलं औषध लावलं असेल तर आता लावू नका, ते बैलाचं होतं असं मागून कळलं.

मागं तुम्हाला लिहिलं तेव्हा मी सायकलच्या दुकानात होतो. ते सुटलं. (भांडण नाही झालं. पंक्चर काढता काढता समोरून सर्कशीचा उंट गेला, तो कुठं जातो हे पाहायला मी कामठीपर्यंत गेलो, आणि परत आलो तर माझ्या जागी दुसरा बसला होता.) आता विद्यापीठाकडे लागलो आहे. दचकू नका, शिकायला नाही. तिथले मधुकरराव सर आपल्या विद्यार्थ्यांकडून लोकोपयोगी कामं करवून घेतात: कोणी गावात शोषखड्डे खणतं, कोणी पोरांच्या दंडावरचे देवीच्या लसीचे डाग मोजतं. त्यातल्या जया नावाच्या मुलीला कोराडीकडच्या वस्तीतल्या गल्ल्या माहीत असणारा माणूस पाहिजे होता. मी चहाच्या टपरीवर बसलो होतो, हो म्हणालो. गल्ल्या माहीत नव्हत्या, पण फिरल्यावर होतातच. सर म्हणाले, हे काम नीट पार पाडलं तर प्रयोगशाळेत कायमचा लावून घेतो. मामा, कायमचा! आईनं माझ्या बाबतीत हा शब्द आजवर ‘कायमचा वाया गेला’ एवढ्यापुरताच ऐकला आहे, म्हणून तिला अजून कळवलं नाही.

काम असं. तिथल्या वीजकेंद्राच्या धुराड्यांतून राख उडते, वस्तीत पोरं खोकतात, वाळत घातलेली धोतरं करडी होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण राख पडते किती, हे कोणी मोजलेलं नाही. तर इतवारीतून रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या आणायच्या, घरोघरी स्लॅबवर उघड्या ठेवायच्या, महिन्यानं आत जमलेली राख तराजूत घालायची, आणि तो आकडा वीजकेंद्राच्या मोठ्या साहेबांपुढं ठेवायचा. जयाची वर्षभराची परीक्षा या बरण्यांवर, आणि माझं ‘कायमचा’ही. घरोघरी समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी सांगितलंही. आता तुम्हाला माहीत आहे, मी बोलायला लागलो की बिलासपूरपर्यंत जातो. (बिलासपूरला मी तिकिटाशिवाय गेलो होतो ती गोष्ट लोकांना फार आवडते.) तेवढ्यात बरण्या कशासाठी, हे काही घरांत सांगायचं राहिलं असावं. बहुतेक सगळ्याच घरांत.

मधून मधून शिडी चढून बरण्या पाहायच्या, असंही ठरलं होतं. मी गेलो ना. पण अंजनाबाई म्हणून एक मावशी आहेत, त्या पायरीवरच अडवून चहा देतात, मग कोणाचा तरी पतंग तारेत अडकलेला असतो, मग संध्याकाळ होते.

परवा बरण्या गोळा करायचा दिवस. सर, जया आणि विद्यार्थी कडुनिंबाखाली तराजू मांडून बसले. आणि मामा, वस्तीतल्या बाया रांगेनं आल्या, डोक्यावर पदर, हातात बरणी. काय लखलखत होत्या हो त्या बरण्या! चुलीच्या राखेनं घासलेल्या. आणि एकही रिकामी नव्हती. एकीत कैरीचं लोणचं, एकीत मुंगवड्या, एकीत शेवया. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे काय त्यांना विद्यापीठानं शिकवायचं? जयानं अंजनाबाईंना विचारलं की वर ठेवली तेव्हा हिचं तोंड उघडं होतं ना. अंजनाबाईंना तिची कीवच आली.

“उघड्या बरणीत राख पडते ना वं पोरी. म्या पहिल्याच दिवशी फडकं बांधून देलं. लेकराची बरणी खराब कायले होऊ द्याची?”

जया माझ्याकडे वळली. “नत्थू, तू यांले सांगतलं काय होतं गा?”

मी म्हणालो, बरणी वर ठेवा, असं सांगितलं होतं. हे खरंच आहे. सरांनी लोणच्याची एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि मग मला विचारलं की या महिन्यात तू एकदा तरी शिडी चढला काय. मी म्हणालो, शिडी जरा हलते. असो. तिकडं आंबे कसे आहेत? मामीला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
नत्थू

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तुलनेसाठी स्वच्छ हवेच्या गावीही एक बरणी ठेवायची होती. ती मी भीमजयंतीला खाप्याला आलो तेव्हा तुमच्या न्हाणीच्या स्लॅबवर ठेवली आहे. तुम्ही सगळे मिरवणुकीत होता. एवढी एक जरी नीट आली तरी तुला काढत नाही, असं सर म्हणाले. तर ती धुवू नका, पुसू नका, लोणचं घालू नका. आतली राख तेवढी पाहिजे. आहे तशी झाकण लावून दूधवाल्या गोविंदाबरोबर पाठवा.

ता. क. दुसरा. हे पत्र टाकायला निघालो आणि वाटेत कुस्त्या लागल्या, म्हणून ते खिशातच राहिलं. पण घाबरू नका, बाजारात गोविंदा भेटला, त्याच्याजवळ तोंडी निरोप दिला की बरणी धुवू नका, राख पाहिजे. आज तो घेऊन आला. काठोकाठ भरलेली. वर मामीचा निरोप: “त्यात चिमूटभरच होती. पोरानं कधी नाही ते काही मागतलं, चिमूटभर कशी पाठवू? चुलीतली वस्त्रगाळ करून गच्च भरली म्हणा.”

सरांनी बरणी उचलून तराजूत ठेवली. मग म्हणाले, या हिशेबानं खाप्याच्या लोकांनी हवापालटाला कोराडीला यायला पाहिजे. जया इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानंतरच माझ्याबद्दल विचार झाला. पाऊस यायच्या आत, महिना नाही तर पंधरा दिवस तरी, सगळं पुन्हा करायचं आहे. मला काढलं नाही. मी आता दिवसभर अंजनाबाईंच्या स्लॅबवर बरणीशेजारी बसायचं आणि कोणाला हात लावू द्यायचा नाही. जागचा हललो नाही तर प्रयोगशाळा, कायमची.

ता. क. तिसरा. वर सावली नाही. तुमची मोठी काळी छत्री गोविंदाबरोबर पाठवावी, एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. मामीला सांगा, छत्रीत काही भरू नका.