ओठाला लावायचा, फुंकायचा नाही

४ फेब्रु.
वरात, कॅम्प एक. भर नाक्यावर वरचा सूर धरला आणि पुढचा दात हलला. ट्रम्पेटच्या दाबाने सरळ मागे गेला. सूर फाटला. शेजारी अशोकही ट्रम्पेटच वाजवत होता, त्याने सावरून घेतलं. नवऱ्याकडच्या कुणाला कळलंही नाही. ढोल चालू असला की झालं.
माउथपीसला रक्त. ते दोन वर्षं असतंच. उस्ताद म्हणायचे, रक्त येतं म्हणजे फुंक पक्की होतेय. आम्ही सगळे बँडवाले तेच मानत आलो. रुमालाने पुसायचं, पुढचं गाणं घ्यायचं.

६ फेब्रु.
अंबरनाथ पश्चिमेला दातांच्या डॉक्टरकडे. बायकोने धरून नेलं. डॉक्टर आमच्या पोरीएवढी.
"तंबाखू?" नाही. "गुटखा?" नाही. "मिश्री?" अहो बाई, बँडवाला म्हणजे काहीतरी खाणारा असलाच पाहिजे का? हे मनात.
एक्स-रे दाखवला. हिरड्या दातांपासून सुटल्यात, आत हाड झिजलंय. आधी सफाई. मग ऑपरेशन: हिरडी कापून उघडायची, आतलं खरवडायचं, परत शिवायची. नाही केलं तर वरचे पुढचे दात जाणार.
म्हटलं, कवळी लावून ट्रम्पेट वाजतो का?
"काका, असं मला आजवर कुणी विचारलं नाही."
आमच्या लाइनीत तरी तसा वाजवणारा मी पाहिलेला नाही.

१९ फेब्रु.
ऑपरेशन झालं. इंजेक्शनमुळे दुखलं नाही, पण खरवडल्याचा आवाज सगळा ऐकू येतो. आपल्याच डोक्यात कुणीतरी करपलेलं पातेलं घासतंय. टाके, वर गुलाबी लेप. सहा आठवडे फुंकायचं नाही. हळूसुद्धा नाही.
१४ एप्रिलपर्यंत जमेल ना, विचारलं. जयंतीला आमच्या गल्लीत पुतळ्यापाशी सुरुवात माझ्या ट्रम्पेटने होते. मंडळाचे पैसे कधी घेतले नाहीत. तेवढं एकच वाजवणं माझं स्वतःचं.
म्हणाली, "बघू."

२१ फेब्रु.
तोंड सुजलंय. पेज. ही म्हणते, "उशीवर रक्त दिसायचं मला. बोललं की अंगावर यायचात." खरंय. पण मला उलट बोलता येत नाही तेव्हाच बरं आठवलं.

२ मार्च
टाके निघाले. बँडच्या शेठकडे गेलो, म्हटलं सध्या वाजवू शकत नाही.
"साईं, पार्टी को पंधरा आदमी बोला है. तू ड्रेस पहन, बाजा मुँह पे लगा. फूँकना मत. अशोक है ना."
माणसं कमी पडली की नाक्यावरून कुणालाही उचलून ड्रेस चढवतात, हातात वाद्य देतात. आम्ही त्यांना खांब म्हणतो. आता मी खांब.

८ मार्च
बदलापूरचं लग्न. गाल फुगवले, बोटं दाबली. बोटं खरीच चालत होती, गाणी पाठ आहेत. आवाज अशोकचा. नवऱ्याचा मामा आला, माझ्या पाठीवर थाप: "क्या बजाया चाचा!" अशोकने दुसरीकडे पाहिलं.
इतका संताप आला. मामाचा नाही, अशोकचा. त्या बिचाऱ्याने काय केलंय. घरी येऊन हिच्यावर काढला.

४ एप्रिल
डॉक्टर खूश. दात घट्ट. "छान झालं ऑपरेशन, काका." आरसा दिला. हिरडी वर सरकलीय, दात लांबडे, मधे फटी. असं होतं म्हणे, आधी सांगितलं होतं. सांगितलं असेल. मी फक्त ट्रम्पेटचं ऐकत होतो.
परवानगी मिळाली. रोज थोडं.
घरी ट्रम्पेट हातात घेतला. खालचे सूर येतात. वर गेलं की ओठ जुन्या जागी बसतच नाही. नुसती हवा. परत. परत. ही आतून, "आज बास करा हो."

११ एप्रिल
वरचा सूर कधी लागतो, कधी नाही. लागला तरी चिरका.
मंडळाची पोरं आली. "काका, सुरुवात तुमचीच ना?" हो म्हणून गेलो.
अशोक तिथेच होता. पोरं गेल्यावर म्हणाला, "तू पुढे उभा राहा. मी मागून वाजवतो. कोण बघतंय?" भावासारखा बोलला. मी त्याला शिवी हासडली. तो चहा न घेता गेला.

१३ एप्रिल
हिने ड्रेसला इस्त्री केली. म्हणते, "फाटला सूर तर फाटला. आपलीच माणसं आहेत."
आपलीच आहेत, म्हणूनच तर.
शेठच्या पार्टीला फसवलं, जीवाला लागलं नाही. लागलं, पण चालवून घेतलं. उद्या बाबासाहेबांसमोर गाल फुगवून उभा राहू? की खरंच फुंकू, आणि सगळ्या गल्लीदेखत हवा काढू? पोरं हसणार नाहीत. गप्प राहतील. ते जास्त वाईट.
संध्याकाळी अशोकला फोन लावला. उचलेल वाटलं नव्हतं. म्हटलं, सकाळी ये, ट्रम्पेट घेऊन.
"मागे उभा राहू, की बाजूला?"
म्हटलं, आधी ये तर.