दोरी सरकली होती

रविवार, संध्याकाळ

ती दोरी काही डोक्यातून जात नाहीये. खारदांड्याच्या वाळूत चुना टिकत नाही, म्हणून गोललाइनला जाळ्याची नायलॉनची दोरी टाकतात. आज फायनलला चारकोप टीमच्या प्रशिकने मारलेला बॉल त्या दोरीपार गेला. मी रेफरी, शेजारीच उभा. बघितलं, शिट्टी मारली, गोल दिला. तोवर गोलकीपर बॉलवर आडवा पडला आणि त्याच्या पायात अडकून दोरीच गोलच्या आत, बॉलच्याही मागे ओढली गेली.

कोळीवाड्याच्या टीमने लगेच "व्हीएआर, व्हीएआर" सुरू केलं. यंदा कमिटीने व्हिडिओ घ्यायला गोलजवळ बांबूला मोबाईल बांधलाय. वाद झाला तर मोबाईल सांगेल तेच फायनल, हे सगळ्यांना आधीच कबूल. मलासुद्धा. व्हिडिओत आधी नुसती गोलकीपरची पाठ दिसते. तो उठतो तेव्हा बॉल दोरीच्या अलीकडे. अरे, पण दोरी सरकलीय ना! घसा फुटेस्तोवर ओरडलो. कमिटीचे नाखवा शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं खरं असेल. पण दिसत नाय ना?"

गोल रद्द केला. चारकोप हरलं. मग मला शिट्टी तरी कशाला दिली?

निघताना प्रशिक आला. चिडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "सर, तुम्ही बघितलं होतं ना?"

मी म्हणालो, "व्हिडिओत नाही दिसत रे."