साडूची टीप सरळ येते

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
काल बी.पी. १५४/९६. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, सगळं मनात आहे; हातांना काम द्या, एखादी हॉबी धरा. मी विचारलं, मनात नक्की काय आहे? म्हणाले, ते तुम्हालाच माहीत.
मनात काहीही नाही. मी समाधानी माणूस आहे. चौतीस वर्षं धुळ्यात भूमिती शिकवली, निवृत्त झालो, जळगावला मेहरूणमध्ये घर बांधलं. शाळेच्या ग्रुपवर कुणी सिंगापूरचे फोटो टाकले की छातीत जरा धडधडतं, एवढंच. ते हवेमुळे.
हॉबी ठरली. शिलाई. यूट्यूबवर एक बाई सांगत होत्या, शिवताना विचार थांबतात, मन निवतं. शिवाय कापड म्हणजे प्रतल आणि टीप म्हणजे रेषाखंड. मला नवीन शिकण्यासारखं त्यात फारसं नाही.
संकल्प: डिसेंबरअखेर स्वतःच्या हाताने शिवलेला फुल शर्ट. कॉलरसकट.

४ नोव्हेंबर.
सुलक्षणाताईंचा क्लास. तलावाच्या रस्त्याला, पहिला मजला, दुपारी तीन ते पाच. अकरा बायका आणि मी. ताईंना सुचवलं की मला सर म्हटलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, "बसा नाना."
पहिल्या दिवशी दोरा देत नाहीत. रेघी कागदावर नुसती सुई चालवायची, रेघेवरून. माझी भोकं रेघ सोडून खाली गेली, मग वर आली, मग कागदाबाहेर गेली. खोलीच्या फरशीला उतार आहे. ताईंना दाखवला. त्यांना दिसला नाही.

८ नोव्हेंबर.
आठवड्यात तीन सुया मोडल्या. हल्लीच्या सुयांत पूर्वीचं पोलाद राहिलेलं नाही.
मन शांत होत आहे. बी.पी. मोजलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
प्रमिलाने जाहीर केलं, शिरपूरहून भाऊजी राहायला येत आहेत. भाऊजी म्हणजे हेमराज, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, माझा साडू. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणतो. वहीत हेमराज पुरे.
सुमनबाई जूनमध्ये गेल्या. मुलगा पुण्याला. हा माणूस घरात एकटाच बसून असतो, बोलत नाही, ताट तसंच झाकून ठेवतो, असं शेजाऱ्यांनी प्रमिलाला कळवलं. मी लगेच होकार दिला. माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. चाळीस वर्षांपूर्वीपासून सासूबाई खापरावरचा पहिला मांडा त्याच्या पानात टाकायच्या आणि दुसरा माझ्या. मी कधी मनावर घेतलं नाही. एकूण सतरा वेळा.

१६ नोव्हेंबर, रविवार.
हेमराज आला. वाळला आहे. दिवसभर गॅलरीत खुर्चीवर, दोन्ही हात मांडीत. प्रमिला मला आत नेऊन म्हणाली, उद्यापासून त्यांना क्लासला घेऊन जा, तेवढाच माणसांत बसतील. बरोबर आहे. मला शिवताना बघून त्यालाही उमेद येईल.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सायंकाळी ६.
नेला. कोपऱ्यात बसवला. ताई म्हणाल्या, "आबा, बसून तर बघा मशीनवर." तो म्हणाला, "माले काय जमस नही, बहीण." दोनदा म्हणाला. मग बसला.
कागदावरची पहिली ओळ. सरळ. दुसरी सरळ. ताईंनी सगळ्यांना बोलावून कागद उजेडाला धरला. भोकं अशी, जणू छापलेली. मला म्हणाल्या, "बघा नाना, पाय असा चालला पाहिजे."
मी बघितलं.
मग कळलं की हा माणूस छत्तीस वर्षं जिनिंगमध्ये मशीन फिटर होता. म्हणजे याला हौशी म्हणताच येत नाही. हा व्यावसायिक. ताईंना ही बाब मी नम्रपणे लक्षात आणून दिली. त्या म्हणाल्या, "ते कापूस पिंजत होते नाना, शिवत नव्हते."
बी.पी. १५८/९८. मशीन जुनं झालंय. बी.पी.चं.

२० नोव्हेंबर.
मशीन बदलून मागितलं. हेमराजने स्वतःहून त्याचं मला दिलं आणि माझ्या मशीनवर जाऊन बसला. त्याची टीप सरळ आली. माझी आली तशीच आली. याचा अर्थ दोन्ही मशीन वेगवेगळ्या प्रकारे खराब आहेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
उशीचा अभ्रा पूर्ण! माझी पहिली संपूर्ण वस्तू. घरी आल्याबरोबर दोघांना समोर बसवून दाखवला. टीप जवळजवळ सरळ. प्रमिलाने उशी आणली. सगळीकडून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "अहो, घालायची कुठून?"
चौथी बाजूही शिवली गेली होती. आयताला चार बाजू असतात. शिवणारा चारही शिवणार.
प्रमिला हसली. ते अपेक्षित होतं. पण हेमराजही हसला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकला येईपर्यंत हसला. डोळ्यांतून पाणी. प्रमिला पदर डोळ्यांना लावून आत गेली. तिने पुण्याला भाच्याला फोन लावला: "आज हसले रे तुझे वडील. जूननंतर पहिल्यांदा." मग भाच्याने फोनवर त्याला हसायला लावलं, सुनेने विचारपूस केली, नात बोलली.
अभ्र्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार.
हेमराज रविवारी शिरपूरला जाऊन सुमनबाईंच्या साड्यांचं गाठोडं घेऊन आला. नातीला फ्रॉक शिवायचा म्हणे.
क्लासमध्ये मोरपंखी साडी पसरली, चॉकने खुणा केल्या, कात्री हातात घेतली. आणि थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. साडीवर नुसता तळवा ठेवून उभा. "तिले हाई रंग आवडे," एवढंच बोलला. सगळी मशीनं थांबली. ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी त्याने कात्री चालवली तेव्हा दोन बायका रडत होत्या.
माझं त्याच वेळी काज-बटणाबद्दल काही विचारायचं राहून गेलं.
खरं सांगायचं तर ही बरोबरीची स्पर्धा नाही. त्याच्याकडे दुःख आहे. माझी प्रमिला ठणठणीत आहे, त्यामुळे माझ्या कापडाकडे कोण बघणार?
हे वाक्य खोडतो. प्रमिलाला काही होऊ नये. खोडलं.

४ डिसेंबर.
क्लासमधली चेलना, पेढीवाल्यांची सून, हिने त्या दिवशी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. त्याचं रील झालं. 'आबांची शिवण'. चार दिवसांत साठ हजार लोकांनी बघितलं. त्यात मीही आहे, मागे, डावीकडे; बाही उसवतोय. कॉमेंट्स वाचल्या. तीनशे बारा आबांसाठी. एक माझ्यासाठी: "मागचे काका कापड फाडतायत का?"
आमच्या शाळेच्या ग्रुपवरही ते आलं. धुळ्याच्या हेडमास्तरांनी लिहिलं, असे लोक आजही आहेत. मी खाली लिहिलं, हे माझे साडू. अंगठा एकानेही दिला नाही.

१० डिसेंबर, बुधवार.
४ जानेवारीला क्लासचं प्रदर्शन. ठरलं. फुल शर्ट करायचा आणि तो घालूनच हॉलमध्ये शिरायचं. आकाशी कापड आणलं. ताईंना मदत विचारायची नाही. कटिंग घरी, दार लावून.

१३ डिसेंबर.
कटिंग झालं. पुढचे दोन्ही भाग डाव्या बाजूचे निघाले. चौतीस वर्षं मुलांना आरशातली प्रतिमा शिकवली. पण आरशात कापड नसतं. या कापडाची उलटी बाजू सुलटीसारखी नसते, ही गिरणीची फसवाफसवी. पुन्हा कापड आणलं.

१४ डिसेंबर, रविवार.
क्लासची भरीत पार्टी, एका शेतात. वांगी भाजायला मी सगळ्यांत आधी काटक्या गोळा केल्या. ताईंनी पहिली कळण्याची भाकरी कुणाच्या पानात टाकली ते लिहीत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार.
आज जे झालं ते मुद्दाम केलेलं नाही. हेमराज पाणी प्यायला उठला होता. त्याच्या मशीनची बॉबिनची डबी, म्हणजे खालचा दोरा धरते ती बोटभर लोखंडी वस्तू, बाहेर पडली होती. मी ती उचलली. हरवू नये म्हणून खिशात ठेवली. मग सांगायचं राहिलं.
सगळ्यांनी शोधली. मीही शोधली, टेबलाखाली वाकून. ताईंची दुसरी डबी त्या मशीनला बसेना. हेमराज म्हणाला, "राहू दे बहीण," आणि खुर्चीवर बसला. दोन्ही हात मांडीत. दोन तास तसाच.
घरी आला. जेवला नाही. प्रमिलाने तीनदा विचारलं. तो गॅलरीत जाऊन बसला, पहिल्या दिवशी बसला होता तसा. प्रमिला मला म्हणाली, इतके दिवस बरे होते, आज क्लासमध्ये कुणी काही बोललं का हो?
कुणीच काही बोललं नाही. हे खरं आहे.
डबी खिशात टोचते.

२० डिसेंबर. सकाळी ६.
चहाच्या वेळी डबी त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, भाऊ, चुकून माझ्या खिशात आली. त्याने डबी बघितली, मला बघितलं, बशीत चहा ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. मग दोन पोळ्या खाल्ल्या.
मी त्याला रागावण्याची पूर्ण संधी दिली होती.

२ जानेवारी, शुक्रवार.
शर्ट पूर्ण. कॉलरची एक बाजू उभी राहते, दुसरी झोपते. एक बाही दीड इंच लांब. माझा तो हातच लांब असावा. हात खाली ठेवले तर कुठेही ओढत नाही. परवा हात खाली ठेवायचे.

४ जानेवारी, रविवार. सायंकाळी ७.
हॉल भरला होता. माझा शर्ट बघून चेलना म्हणाली, "नाना, रंग छान आहे." हे रेकॉर्डवर असावं.
हेमराजचं टेबल मधोमध. मोरपंखी फ्रॉक आणि सुमनबाईंच्या सात साड्यांची गोधडी. पुण्याहून मुलगा, सून, नात आली होती. नात फ्रॉक घालून गिरक्या घेत होती. ताईंनी हेमराजला पुढे बोलावलं, दोन शब्द सांगा म्हणाल्या. तो उभा राहिला, गोधडीकडे बघितलं, म्हणाला, "माले बोलता येस नही," आणि बसला. हॉल उठून टाळ्या वाजवू लागला.
प्रमिला माझ्याकडे बघत होती. म्हणून मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या. हात वर गेले आणि उजव्या काखेतून टर्रकन आवाज आला. मग डाव्या. बाही खांद्यापासून सुटून कोपरावर आली. आत बनियन. टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेतल्या पोरांनी मात्र पुन्हा सुरू केल्या.
हेमराज सरळ माझ्याकडे आला. दंडाला धरून पडद्यामागे नेलं, खिशातून सुई काढली. म्हणाला, अंगावरचं शिवताना तोंडात दोरा धरतात. दिला. मी दातांत धरला. तो बाही लावू लागला. सुई एकदाही टोचली नाही.
शिवता शिवता बोलला, खाली बघून. "सुमन गयी ना, मंग घर माले खावाले उठे. तू माले आठे लई उना. माले म्हाईत शे, तुले मन्ही टीप आवडस नही. तरी तू रोज संगे लई जाये."
मला बोलायचं होतं. तोंडात दोरा होता.
त्याने दोरा तोडला, बाही दोनदा ओढून बघितली, म्हणाला, "आते हात वर कर." केला. काही फाटलं नाही.

७ जानेवारी, बुधवार.
हेमराज सकाळच्या एसटीने शिरपूरला गेला. ओट्यावर मशीन टाकणार, गल्लीतल्या बायकांना शिकवणार म्हणे. स्टँडवर पोचवायला मीच गेलो. त्याने उतरल्यावर फोन करतो म्हटलं. केला नाही. कामात असेल.
एक बरं झालं. आता क्लासमध्ये मी एकटा पुरुष. म्हणजे पुरुषांत पहिला.

१२ जानेवारी, सोमवार. सायंकाळी ६.
क्लासला गेलो. ताईंनी विचारलं, आबा कसे आहेत? चेलनाने विचारलं, आबा परत कधी येणार? आणखी सहा जणींनी विचारलं. मी शिवत काय होतो, ते कुणी विचारलं नाही. मलाही नीट आठवत नाही. पाच वाजायच्या आत निघालो.
घरी येऊन हेमराजला मीच फोन लावला. नऊ बायका येतात म्हणाला. नऊ! मी म्हटलं, छान. मागे त्याचं मशीन चालू होतं, थांबत थांबत. कुणीतरी नवीन शिकत असावं.
शेवटी म्हटलं, भाऊ, परत कधी येता? प्रमिला सारखी विचारते आहे.
प्रमिला त्या वेळी भाजी आणायला गेली होती.