सगळं हिनंच केलंय

रविवार, २३ नोव्हेंबर १९८६

वाट लागली.

आज आणखी एक मुलगा बघून गेला. घाटकोपरचा. नाव चंद्रप्रकाश, नोकरी पाणीखात्यात, सोबत फक्त आई. आणि मी त्यांना आवडले असावे! मग वाट कसली? तीच लिहायला बसलेय.

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला बघायला येणार असले की निम्मं घर उसनं असतं. कपबशा तळमजल्यावरच्या मीराच्या, उभा पंखा शेजारचा, आणि दिवाणावर नलिनीताईंची लोकरीची चादर. क्रोशाचे चौकोन जोडून केलेली, मरून आणि पांढरी. एका कोपऱ्यात एकच चौकोन पोपटी आहे, कारण तिथे मरून लोकर संपली. बोरीवलीच्या उकाड्यात लोकरीची चादर! पांघरतंय कोण? ती दाखवायची असते. मग ज्या घरची मुलगी असेल त्या घरची आई चादरीवरून हात फिरवून म्हणते, "सगळं हिनंच केलंय." पाहुणे "वा वा" म्हणतात आणि पोह्यांकडे वळतात.

आज माझ्या आईने हात फिरवला. पण ह्या बाई, वनमालाबाई, पोह्यांकडे वळल्याच नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि चादर उलटी केली.

"टोकं छान लपवलीस गं. कशी?"

"अशीच... आतल्या आत," मी म्हणाले.

"आणि हा एकच पोपटी?"

"तो मुद्दाम." मुद्दाम! मला क्रोशाची सुई दिली तर मी तिने कान कोरेन.

"आमच्या टीव्हीला असंच कव्हर कर," त्या म्हणाल्या. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घेऊन ये. चार बायकांना दाखवीन." आईने माझ्या वतीने मान डोलावली. इतकी, की अंबाडा सुटायला आला.

मुलगा पूर्ण वेळ मान खाली घालून दिवाणाच्या कोपऱ्याकडे बघत होता. म्हटलं, गेलं, मुखदुर्बळ आहे. मग आम्हाला बोलायला गॅलरीत पाठवलं, तर म्हणतो, "तुम्हालाही ह्या पोह्यांचा कंटाळा आलाय ना?" मी इतकी मोठ्याने हसले की आतून आई खोकली.

मला हा मुलगा हवाय. लिहून टाकलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

पसंत! पौष आडवा येतो म्हणून साखरपुडा माघात. बाबांनी पेढे आणले.

निरोपाबरोबर एक सुतळीही आली, गाठी मारलेली. त्यांच्या टीव्हीचं माप. हातातला दुसरा पेढा मी परत ठेवला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

नलिनीताईंकडे शिकवणी सुरू. त्या दुसऱ्या मजल्यावर भावाकडे राहतात, पोस्टातून रिटायर झाल्यात, लग्न केलं नाही. मालवणच्या. रागावल्या की मालवणी, एरवी आमच्यासारखं.

ऐकायला सोपं आहे. साखळीचा छोटा गोल करायचा. त्यात तीन खांब, म्हणजे उभे टाके, मग साखळी, तीन खांब, साखळी, असे चार गट. झाले चार कोपरे. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन गट घालायचे आणि मध्ये साखळी. बास. वाढत जातो चौकोन.

माझा वाढला नाही. वर उचलला गेला. काठ आत वळले आणि मधोमध टेंगूळ आलं.

नलिनीताईंनी तो हातात घेऊन सगळीकडून बघितला. "ह्या काय केलंस गो? टोपी?"

मी कोपऱ्यात दोनाऐवजी एकच गट घातला होता. त्यामुळे कोपराच होत नाही म्हणे.

बाबांनी तो चहाच्या किटलीवर घातला. चपखल बसला. "चहा गरम राहील, टाकू नको," म्हणाले.

मंगळवार, २ डिसेंबर

आणखी एक किटलीचं टोपडं.

सोमवार, ८ डिसेंबर

पहिला चौकोन! चार कोपरे, चारही खरे! ऑफिसात नेऊन शकुला दाखवला. शकु शेजारच्या टेबलावर टाइप करते, तिला कशाचंच कौतुक नसतं. तिने तो टेबलावर सपाट केला. हात काढला. तो परत मुडपला.

"यार, हा तर पापड आहे, भाजलेला."

घट्ट विणते मी. टाइपरायटरवर बोटं आपटायची सवय, ती सुईवर पण आपटतात. नलिनीताई सारख्या म्हणतात, सैल धर गो, दोरा काय पळून जात नाही. मला वाटतं जाईल. दोरा, मुलगा, सगळंच.

रविवार, २१ डिसेंबर

अंधेरीला चंद्रप्रकाशला भेटले. घरी सांगितलं शकुकडे जातेय. इडली खाल्ली. तो सांबार आधी पिऊन टाकतो आणि मग इडली कोरडी खातो. विचित्र आहे. मला तेही आवडलं, म्हणजे माझं काही खरं नाही.

त्याने विचारलं, "कव्हर कसं चाललंय?"

"झकास."

"तुम्हाला जमेल ना? म्हणजे... नाही जमलं तरी..." आणि पाण्याचा ग्लास उचलला.

तेव्हा सांगता आलं असतं. जिभेवर होतं. मी दुसरी इडली मागवली.

त्याची आई त्यांच्या आळीत सगळ्यांना सांगत सुटलीय म्हणे, सून कव्हर करतेय म्हणून. सून! शब्द ऐकून आधी गुदगुल्या झाल्या, मग मुडपलेला चौकोन आठवला.

शुक्रवार, २ जानेवारी १९८७

चौकोन बरेच झालेत. सगळे वेगवेगळ्या मापाचे. पहिले पहिले लहान आणि कडक, मग हात सैल झाला तसे मोठे आणि ढिले. एकावर एक ठेवले तर वर जाता जाता रुंद होणारा मनोरा होतो. नलिनीताईंनी आज तो मनोरा बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या. "तुझो हात खंय सुधारलो, ता ह्याच्यात दिसता." कौतुक होतं की नाही, कळलं नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

आज जोडायला घेतले. दोन चौकोन पाठीला पाठ लावून कडेने शिवायचे. एकसारखे असले तर. माझे, लहान एक आणि मोठा एक, शिवले की मोठ्याला चुण्या पडतात. परकर शिवल्यासारखं दिसतंय. उसवलं. परत शिवलं. परत परकर.

बसून रडले. लोकरीसाठी रडणारी मी बिल्डिंगमधली पहिलीच असेन.

गुरुवार, ८ जानेवारी

आईचा धीर सुटला. ती नलिनीताईंकडे गेली आणि हात जोडून म्हणाली, तुम्हीच करून द्या हो कव्हर, पोरीचं आयुष्य आहे.

नलिनीताई उठल्या, ट्रंक उघडली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी आईच्या मांडीवर ठेवलं. टीव्हीचं कव्हर! तयार. मरून-पांढरं. काय सुंदर! एकेक चौकोन छापल्यासारखा.

"तिसऱ्या मजल्यावरच्या सुलक्षणासाठी केलेलं, तीन वर्षं झाली. तिचं ठरलं होतं, मग मोडलं. हे परत आलं. का मोडलं ते घरचे बोलले नाहीत, मी विचारलं नाही."

सुलक्षणाचं पुढे पुण्याला झालं, आता तिला मुलगा आहे. आईला त्या कशात रस नव्हता. तिने घरून सुतळी आणून लावून बघितली. तंतोतंत! इकडे बोटभर जास्त नाही, तिकडे कमी नाही.

"बघ, देवाने आधीच मापून ठेवलंय," आई म्हणाली. डोळ्यात पाणी तिच्या.

मी पण खूश झाले. खोटं कशाला लिहू? इतकी खूश झाले की माझा मनोरा कॉटखाली ढकलला.

शनिवार, १० जानेवारी

उरलेली लोकर परत द्यायला नलिनीताईंकडे गेले. घेतली नाही त्यांनी. मी सहज विचारलं, ती चादर तुम्ही कुणासाठी केलीत?

"माझ्यासाठीच. मला बघायला येणार होते तेव्हा. वर्षभर करत होते." सुई थांबली नाही त्यांची. "माझ्या आईने पण हात फिरवून सांगितलं, सगळं हिनंच केलंय. खरंच केलेलं होतं गो. चारदा मांडली चादर. चारही जणांनी नाही म्हटलं."

मी हातातली लोकर गुंडाळत राहिले.

"तुझं बरं आहे. तुझ्या खोट्याला हो म्हणाले." चिडून नाही म्हणाल्या. तेच वाईट. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते.

चादर अजून आमच्याच दिवाणावर होती. घरी येऊन घडी घातली आणि परत देऊन आले. आई म्हणाली, राहू दे की साखरपुड्यापर्यंत. मी म्हटलं, नको.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ खाल्ला आणि कॉटखालून मनोरा काढला. लहान चौकोन एका बाजूला लावले, मोठे दुसऱ्या बाजूला. म्हणजे चुण्या कमी. कव्हर एकीकडे अरुंद आणि दुसरीकडे ऐसपैस झालं. पण कव्हर झालं! अंगावर घेऊन आरशात बघितलं. एक खांदा उघडा, एक झाकलेला.

बाबा म्हणाले, "टीव्ही तिरका ठेवला तर बसेल."

रविवार, २५ जानेवारी

सगळं लिहिते.

घाटकोपर. खोलीत बायकाच बायका. मी आणि आई कोपऱ्यात. माझ्या पिशवीत वर नलिनीताईंचं कव्हर, कागदात. खाली माझं, जुन्या ओढणीत. माझं कशाला घेतलं, ते मलाही ठाऊक नव्हतं. चंद्रप्रकाश स्वयंपाकघराच्या दारात उसाचे करवे घेऊन उभा, ह्या बायकांत येऊ की नको अशा चेहऱ्याने.

हळदीकुंकू झालं. वाण मिळालं, स्टीलची वाटी. मग वनमालाबाई मोठ्याने म्हणाल्या, "आता आमच्या शुभाची कला बघा." टीव्ही उघडाबोडका माझ्याकडे बघत होता.

आईने कोपराने ढोसलं. मी पिशवीत हात घातला. कागद हाताला लागला, कुरकुरला. मला दिसल्या त्या नलिनीताई, चारदा चादर मांडणाऱ्या. आणि मी हात खाली घातला आणि ओढणी काढली.

"हे मी केलंय," म्हणाले. आवाज चिरकला. "आमच्याकडची चादर माझी नव्हती. ती नलिनीताईंची, आमच्या शेजारच्या. तो पोपटी चौकोन मुद्दाम नव्हता, लोकर संपली होती. मला आधी काहीच येत नव्हतं. आता एवढंच येतं."

कुणीतरी फिसकन हसलं. आई भिंतीकडे बघत होती. वनमालाबाईंनी माझ्या हातातून कव्हर घेतलं, उलटं केलं, मागची बाजू बघितली, आणि टीव्हीवर टाकलं. उजवीकडे जमिनीकडे लोंबलं. डावीकडे अर्धा पडदा उघडाच.

"चहा घ्या सगळ्यांनी," एवढंच म्हणाल्या.

चंद्रप्रकाशकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. बोरीवली येईपर्यंत आई बोलली नाही. घरी आल्यावर बोलली, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, २८ जानेवारी

निरोप नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

माघ लागला. निरोप नाही. शकु म्हणते, "तू हरिश्चंद्राची नात आहेस का गं? साखरपुड्यानंतर सांगायचं ना." बरोबर आहे तिचं. खरं बोलून हलकं वाटतं म्हणतात. मला ताप आल्यासारखं वाटतंय. मला तो हवा होता. सांबार आधी पिणारा.

रविवार, १ फेब्रुवारी

आले! न सांगता, दोघंही. दिवाणावर आमची मळकी चादर, कपबशा आमच्याच, कानतुटक्या. वनमालाबाईंनी पिशवीतून माझं कव्हर काढलं. "डावीकडे दोन चौकोन कमी पडतात. तेवढे कर. साखरपुडा रथसप्तमीनंतरच्या रविवारी." मी होतेच तिथे, पण मला ऐकू यायला वेळ लागला.

मग आईला म्हणाल्या, "ती चादर आम्ही पहिल्याच दिवशी ओळखली. तीन वर्षांपूर्वी ह्याच बिल्डिंगमध्ये पाहिलेली, वर तिसऱ्या मजल्यावर. पोपटी चौकोन ह्यालाच आधी दिसला. त्या मुलीलाही मी कव्हर सांगितलं. तिने आणलं, मरून-पांढरं, नुसतं बघत राहावं असं. मी म्हटलं, तुझं नाही एवढंच सांग, माझं काही म्हणणं नाही. नाही सांगितलं तिने. मी कव्हर परत पाठवलं."

कपाट अर्धवट उघडं होतं. सगळ्यात वरच्या घडीवर नलिनीताईंचं मरून-पांढरं कव्हर दिसत होतं. आईने बसल्या जागेवरून पाय लांब केला आणि दार हळूच लोटलं.