उलट्या थापा

३ एप्रिल
अण्णांनी आज पुन्हा पाणी थुंकलं. फ्रिजमधलं. “बाई, हे पाणी नव्हे.” पोटच्या लेकीला ‘बाई’ म्हणतात — कामाला ठेवलेली समजतात. बाजारातून आणलेल्या माठाला टिचकी मारली आणि तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, पाणी पोटात गेलं नाही तर सलाईन लावावं लागेल.

४ एप्रिल
अण्णांनी घडवलेला शेवटचा माठ फेब्रुवारीत फुटला. “माझ्याच हातनं गेला, वन्सं,” वहिनी तिसऱ्यांदा म्हणाली.
मीच करते म्हटलं. बावीस वर्षांत मातीला हात नाही.
“हात विसरत नाहीत म्हणे,” वहिनी म्हणाली, “कंबरेचं मात्र काही सांगता येत नाही.”

६ एप्रिल
चाकावर गळा जमला. मग पोट — आतून दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं थापत वाढवायचं. थापी आपसूक डाव्या हातात आली.
लहानपणी अण्णा ती उजव्या हातात द्यायचे, मी पुन्हा डाव्यात घ्यायची. “डावरे, तुझ्या थापा उलट्या पडतात. गिऱ्हाईक हसेल.” म्हणून माझे माठ विकायला कधी गेलेच नाहीत. घरातच राहायचे. अण्णा त्यांतलंच पाणी प्यायचे. “तुझं गिऱ्हाईक मी.”

१६ एप्रिल
माठ भाजून निघाला. देखणा. गारगोटीनं घोटून घोटून आरसा केला होता त्याचा.

१७ एप्रिल
रात्रभर भरून ठेवला. सकाळी बाहेरून ठणठणीत कोरडा, आत पाणी कोमट!
“खानदानी दिसतोय,” वहिनी म्हणाली. “घाम गाळत नाही.”
हसले. मग मोरीत जाऊन रडले. घोटण्याच्या नादात सगळी छिद्रं बुजवली. मातीत भुसाही हात आखडूनच घातला होता. तो भट्टीत जळतो, त्या जागेतूनच तर माठ पाझरतो. पाटीवरच्या अक्षरांआधी शिकले होते हे. अण्णांना आवडावा म्हणून नटवत बसले.

१८ एप्रिल
दिवसभरात अर्धा कप. ओठ फुटलेत त्यांचे. सलाईन लावावंच लागलं.
पुन्हा माती भिजवली. भुसा दुप्पट. घोटायचं नाही.

२९ एप्रिल
घाम आलाय माठाला! अंगभर. खालची वाळू ओली. पहिलं पाणी ओतून दिलं, दुसरं भरलं. उद्या देईन.
त्यांनी पाणी प्यावं, एवढंच हवंय का मला? नाही. खोटं कशाला लिहू. त्यांनी एकदा ‘डावरे’ म्हणावं.

३० एप्रिल
दोन ग्लास प्यायले. मग माठाजवळ बसून त्याच्या पोटावरून बोटं फिरवत राहिले, कितीतरी वेळ.
“उलट्या थापा,” म्हणाले. “डावरीनं केलाय.”
मी समोरच होते.
“कधी येऊन गेली ती, बाई? मला उठवायचं नाही का?”
झोपला होतात म्हटलं.
“पुन्हा आली की सांगा तिला — गळा जरा जाड झालाय.”
सांगते म्हटलं.