बाकड्याचे कापलेले पाय

लिहून ठेवणार मी, वय वर्षे बहात्तर, धंदा खुर्च्या करणे, त्याआधी फौजेत शिपाई. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या धाकट्या भावाला तो पटला नाही तरी चालेल. कोणाच्या दबावाखाली न येता, कोणाच्या गोड बोलण्याने न विरघळता मी हे मृत्युपत्र करत आहे. आधीचं एक होतं. ते धाकट्यावर डोळे झाकून विश्वास टाकत होतो तेव्हाचं. ते रद्द समजावं.

१. माझी राहती खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या पलटणीतल्या सोबत्याला मिळावी. गाव त्याला कॅप्टन म्हणतं. प्रत्यक्षात तो पलटणीचा स्वयंपाकी होता, आणि तोही बेताचाच. बायको गेल्यावर चार दिवसांसाठी माझ्याकडे आला आणि राहिला. मी खुर्चीचा सांगाडा करतो, तो बैठक विणतो. फौजेतून सुटून आल्यावर मी कितीतरी दिवस भिंतीला पाठ लावल्याशिवाय जेवू शकत नव्हतो. हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही असा माणूस घरात असणं मोठी गोष्ट असते.

२. पटाश्या आणि करवती लोहाराला. त्याने त्या इतकी वर्षं फुकट पाजवून दिल्या. मोठा रंधा कोणालाही द्यावा, पण गिरणीवाल्याला देऊ नये. त्याने एकदा उसना नेला आणि दारावर खिळ्यांसकट चालवला. वर तोंड करून म्हणाला, "धार आधीच गेली होती."

३. आईची खुर्ची माझ्या भावजयीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला. तिने आईचं शेवटपर्यंत केलं, मी तेव्हा दूर होतो. त्या खुर्चीत एकही खिळा नाही. पाय ओल्या लाकडाचे, आडवे दांडे वाळलेल्या लाकडाचे. ओलं सुकत जातं तसं आवळत जातं. पुढे जे लिहितो आहे त्यात भावजयीचा काही दोष नाही.

४. आता बाकडं. आमच्या कारखान्यात कामाचं बाकडं माणसाच्या मापाने करतात. ताठ उभं राहून हात सोडला की मनगट जिथे येईल, तिथे वरची फळी. ज्याचं त्याचं बाकडं वेगळं, आणि माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या बाकड्याला करवत लावत नाहीत. मी उंच, धाकटा बुटका. वडील गेल्यावर कारखाना माझ्या नावावर झाला, धाकट्याला घर मिळालं, आणि मी फौजेत गेलो. जखमी झालो, कुठल्या कुठल्या इस्पितळांत पडून राहिलो. घरी परतलो तेव्हा आई राहिली नव्हती. कारखान्यात जाऊन बाकड्यावर हात ठेवायला गेलो, तर फळी मांडीपाशी. पाय कापलेले.

धाकटा रडला. म्हणाला, "दादा, तुझी काही खबरच नव्हती रे. आम्ही आशा सोडली होती. आईपण तुझं नाव घेत गेली."

मी त्याला जवळ घेतलं. पायांखाली ठोकळे घातले आणि कामाला लागलो. सगळी उमर त्या ठोकळ्यांवर काम केलं, मनात किंतु न ठेवता.

मग कॅप्टन राहायला आला. पहिल्याच दिवशी ठोकळ्यांकडे बघून म्हणाला, "हे काय? हे तर चांगलं उंच होतं. तुझ्या भावानं मला यावर बसवलं, तेव्हा माझे पाय लोंबत होते."

"तू इथे कधी आला होतास?"

"कधी म्हणजे? तू इस्पितळात होतास तेव्हा! रजेवर घरी जाताना वाट वाकडी करून आलो. तू जिवंत आहेस, येणार आहेस, सगळं सांगितलं. आईंना भेटतो म्हटलं, तर तो म्हणाला, 'आई झोपलीय. तिला मी सांगतो.' तुला बोलला नाही?"

म्हणजे मी जिवंत आहे हे कळल्यानंतर त्याने करवत उचलली. कारखाना हवा होता तर मागायचा होता, मी दिला असता. पण आई माझ्यासाठी झुरत होती आणि हा तिच्यासमोर बसून जेवत होता. हे मला गिळवत नाही, गिळणारही नाही. विचारलं तेव्हा त्याने कानावर हात ठेवले. आता गावभर सांगतो की कॅप्टनला भ्रम झाला आहे.

५. कारखाना, बाकड्यासकट, मी धाकट्या भावाला देतो. होय, त्यालाच. आणि या कागदावर दुसरा साक्षीदार म्हणूनही त्यालाच बोलावलं आहे. वकील सांगतात, साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. ते मला माहीत आहे. वर लिहिलेलं सगळं खरं म्हणून त्याने सही केली, तर त्याचा हक्क जाईल आणि कारखाना कॅप्टनचा होईल. नाही केली, तर कारखाना घ्यावा आणि कॅप्टनला खोटं पाडत खुशाल जगावं. काय हवं ते त्याने ठरवावं. मी एकदाच विचारतो आहे.

स्थळ : माझी राहती खोली
दिनांक : नऊ मार्च
सही : (लिहून ठेवणार)

साक्षीदार पहिला : डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरा : धाकटे बंधू यांनी कागद दोनदा वाचला आणि सही न करता ते बाहेर गेले. — वकील

त्यांच्या जागी : भावजय. नियम समजावून सांगितला असता "कळलं, पेन द्या" असे म्हणाल्या. पुढील मजकूर त्यांच्याच हातचा. — वकील

भाऊजींनी लिहिलं ते खरं आहे. कॅप्टन आले त्या दिवशी मी दाराआड उभी होते. सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी विचारलं, कोण आलं होतं? मी म्हटलं, कोणी नाही.
सही.