हिरवा ठिपका

३ मार्च, सोमवार
परत मेलं! उघडलं की बंद, उघडलं की बंद. माझ्या लिनक्स कॉम्प्युटरवरच्या नकली फोनमध्ये तेच ॲप शहाण्यासारखं चालतं. बाबांच्या फोनसारख्या खऱ्या फोनवर टाकलं की मान टाकतं.

काम एवढंच – फोन बाबांच्या खिशात. हालचाल फोन टिपतोच, ती वाचायची. बाबा पडले किंवा फार वेळ हललेच नाहीत तर दादाला आणि मला लाल ठिपका. नाहीतर हिरवा. मागे न्हाणीघरात पडले ते दुपारपर्यंत तसेच. सांभाळणाऱ्या मावशी आल्या म्हणून कळलं. आणि त्या मावशी शुक्रवारी चालल्या, लेकीच्या बाळंतपणाला.

४ मार्च
कारण सापडलं. पडणं ओळखणारा भाग मी माझ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरसाठी बांधत होते. नकली फोनही त्याच प्रोसेसरचा, म्हणून त्याची तक्रार नाही. बाबांचा फोन वेगळ्याच कुळातला. म्हणजे क्रॉस-कंपाइल आलं – बांधायचं इथे, चालायला हवं तिथे. एक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, बसवली की दुसरी रुसते. हे सगळं बांधून देणारा कंपायलर नवा टाकला तर होतं तेही बिघडलं. वैताग नुसता.

५ मार्च
नाही झालं.

६ मार्च, गुरुवार
दादाचा फोन. "दुसऱ्या बाई बघून ठेवल्यात. बोलावू का? नक्की काय ते सांग बाई." बोलाव म्हणायला काय जात होतं माझं! "होतंय रे, थांब जरा," म्हणाले.

मग कोडमध्ये एक ओळ घातली – तो भाग उघडला नाही तर गप्प बस, पुढे चल. ॲप बंद पडायचं थांबलं. ठिपका मुळात हिरवाच असतो. लाल करणारा भागच आत झोपलेला. पण दिसतं किती छान! तसंच बाबांच्या आणि दादाच्या फोनवर पाठवून दिलं. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न. तोवर खरं बसवतेच.

७ मार्च, शुक्रवार
"शाब्बास गं! त्या बाईंना नको म्हणून कळवलं," – दादा. सांगणारच होते. तेवढ्यात मागून वहिनी, "आता दोन दिवस माहेरी जाऊन येतो बाई आम्ही, किती महिन्यांनी!" बाबांच्या जवळ दादाच तेवढा, आणि मला इथून बाबांकडे पोचायला अख्खा दिवस लागतो, हे डोक्यात आलं. तरी खरं सांगितलं नाही.

बाबा फोनवर खुशीत. "पोरीला खिशात घालून फिरतोय!" मी हसले. फोन ठेवून पुन्हा कंपायलरपाशी बसले.

८ मार्च, शनिवार
दिवसभर कंपायलरशी झटापट. संध्याकाळी बाबांना रोजचा फोन करायचा होता. ठिपका पाहिला – हिरवा. बरं वाटलं, पुन्हा कामाला लागले.

हे लिहिताना आत्ता लक्षात आलं. अगं, तो ठिपका तूच रंगवलायस! आणि तुलाच हायसं वाटलं? लगेच फोन लावला. उचलला नाही. लवकर झोपतात ते.

९ मार्च, रविवार
झालं!! कंपायलर फोनच्या ऐवजी माझ्याच कॉम्प्युटरच्या फाइली उचलत होता, मेला. रस्ता बदलून दिला आणि एका झटक्यात बांधलं गेलं. माझ्या जुन्या फोनवर टाकलं, फोन गादीवर आपटला – लाल! उचलून हलवला – हिरवा! खरंखुरं चालतंय.

बाबांच्या फोनवर पाठवलं. आपोआप बसेल, त्यांना काही करायला नको. सकाळपासून दोनदा रिंग दिली, उचलत नाहीत. आवाज बंद करून ठेवला असेल, दुसरं काय.

९ मार्च, दुपार
बसलं. बसल्या बसल्या लाल. खाली लिहून आलंय – काल सकाळपासून हालचाल नाही.

दादाला फोन केला. "तुझ्या ॲपचंच काहीतरी बिघडलंय गं," म्हणाला. "मी कालपासून बघतोय, हिरवं होतं की."